निर्णायक निकाल लागलेल्या देशाला उधारीवर माल द्यावा का? (श्रीलंका आणि आपण)

उद्यमनगर लेथ | मंगळवार, रात्री ९:५०

शिवाजी उद्यमनगरात माझं लहान मशीनशॉप आहे. शेतीपंपाच्या बॉडी आणि इम्पेलर शिरोलीच्या फौंड्रीतून ओतून आणायचे, आमच्याकडं मशीनिंग करायचं, जोडणी करून पाठवायचं. वडिलांपासूनचा धंदा आहे. २०१६ पासून श्रीलंकेतल्या एका व्यापाऱ्याला आमचे पंप जात होते. माणूस सज्जन. आठ दिवससुद्धा कधी उशीर केला नाही.

मार्च २०२२ मध्ये गेलेल्या मालाचे पैसे मात्र अडकले. त्यानं त्याच्या बँकेत त्यांच्या रुपयांत पैसे भरले होते, पावतीचा फोटो मला पाठवला होता. पण बँकेकडं द्यायला डॉलरच नव्हते. १२ एप्रिलला त्या देशानं परदेशी कर्जाची परतफेड थांबवतोय असं जाहीर केलं, तेव्हा मला कळलं की माझा व्यापारी बुडालेला नाही, त्याच्या मागचा देश बुडालाय. पैसे यायला चौदा महिने लागले. त्या काळात मी दोन लेथ विकले आणि एका जुन्या कारागिराला घरी बसवावं लागलं. ते अजून मनातून जात नाही.

आता पुन्हा फोन आलाय. नोव्हेंबर २०२५ मध्ये दितवाह वादळानं तिकडं सहाशेच्या वर माणसं गेली, गावंच्या गावं पाण्यात होती. त्याला ४०० पंप पाहिजेत आणि १२० दिवसांची उधारी पाहिजे. म्हणतो, "आता आमचं सरकार पक्कं आहे, २२५ पैकी १५९ जागा, धोरण हलणार नाही."

माझी अडचण अशी की हेच वाक्य तो २०२० मध्येही बोलला होता. तेव्हा १४५ जागा होत्या आणि पक्ष दुसरा होता.

म्हणून विचारतोय. एखाद्या देशात असा एकतर्फी निकाल लागला की नक्की काय पक्कं होतं आणि काय होत नाही? पक्षांचं भांडण नको. त्या पंपाच्या ओतकामाचा लाकडी नमुना, म्हणजे पॅटर्न, माळ्यावर पडून आहे, तो खाली काढायचा का, एवढं मला ठरवायचंय.

---

खासबाग | मंगळवार, रात्री १०:१५

दादा, द्या माल. पक्कं सरकार नसेल तर काय होतं ते आपण १९९६ ते १९९९ बघितलंय. तीन वर्षांत तीनदा लोकसभेची निवडणूक. पंतप्रधान कोण हेच ठरत नव्हतं तिथं धोरण कोण ठरवणार? बाहेरचा माणूस पैसे गुंतवायला येतो तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारतो, हे सरकार पाच वर्षं टिकणार का. १५९ जागा म्हणजे टिकणार. मधे कुणी पाठिंबा काढेल ही भीती नाही, आणि कडू निर्णय पहिल्या दोन वर्षांत उरकता येतात.

---

गुऱ्हाळ करवीर | मंगळवार, रात्री ११:०५

खासबाग, कडू निर्णय पहिल्या दोन वर्षांत उरकले म्हणूनच तर तो देश झोपला. त्यातला शेतीचा भाग मी सांगतो, कारण त्या वेळी मी रोज बातम्या बघायचो.

२०१९ ला गोटाबाया राजपक्षे ५२ टक्के मतं घेऊन राष्ट्राध्यक्ष झाले. जाहीरनाम्यात त्यांनी सेंद्रिय शेतीचं वचन दिलं होतं, पण दहा वर्षांत हळूहळू जायचं असं. ऑगस्ट २०२० ला संसदही हातात आली. आणि मे २०२१ मध्ये एका फटक्यात रासायनिक खताची आयात बंद. दहा वर्षांचं काम एका हंगामात करायला निघाले.

आमचं गुऱ्हाळ आहे, दोन एकर आडसाली ऊस असतो. निम्म्या रानात सेंद्रिय करून मी सहा वर्षं झाली. सेंद्रियाच्या विरोधात मी नाही. पण रानाला सवय लागायला वेळ लागतो. पहिल्या वर्षी शेणखत, पाचट कुजवणं, ताग गाडणं, तरी उतारा पडतोच. दुसऱ्या वर्षी जरा सावरतं. तिसऱ्या वर्षापासून माती मऊ लागायला लागते. माझ्याकडं चार जनावरं आहेत म्हणून जमलं. अख्ख्या देशाला पुरेल एवढं शेणखत एका हंगामात आणणार कुठनं? भात आणि चहा दोन्ही मार खाल्ले. भाताला स्वयंपूर्ण असलेला देश तांदूळ आयात करायला लागला. नोव्हेंबरात बंदी उठवली, पण तवर पेरणीची वेळ गेली होती. आणि बाहेर खताचे भाव कडाडले होते.

त्यांच्या शेतीतल्या जाणकारांनी आधीच सांगितलं होतं की असं करू नका. ऐकायची गरजच नव्हती, मित्रपक्ष धरून हातात दोन तृतीयांश होते. तुमच्या पंपाचे पैसे तिथंच अडकले बघा. डॉलर संपायला बाकी कारणं होतीच, पण चहा विकून डॉलर येतात आणि चहाच कमी झाला.

---

मंगळवार पेठ बाई | बुधवार, सकाळी ७:२०

मी ३१ वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. हा प्रश्न दर वर्षी वर्गात यायचा, आणि मी दर वर्षी श्रीलंकेचंच उदाहरण घ्यायचे, कारण निर्णायक निकालांची इतकी लांब मालिका आपल्या शेजारी दुसरीकडं नाही. जरा विस्तारानं लिहिते.

१९५६ मध्ये एस. डब्ल्यू. आर. डी. भंडारनायके मोठ्या लाटेवर आले आणि त्याच वर्षी सिंहला ही एकच राजभाषा करणारा कायदा झाला. तमिळ जनतेच्या मनात जी तेढ पडली तिचा शेवट पुढं यादवीत झाला. १९७० मध्ये सिरिमाव्हो भंडारनायके यांच्या आघाडीला १५१ पैकी ११६ जागा. १९७२ ला नवी राज्यघटना, मग चहामळ्यांचं राष्ट्रीयीकरण. १९७७ ला जे. आर. जयवर्धने यांना १६८ पैकी १४० जागा, म्हणजे सहापैकी पाच. त्यांनी बरोबर उलटं केलं. अर्थव्यवस्था खुली केली, १९७८ ला आणखी एक राज्यघटना आणली, सगळी सत्ता राष्ट्राध्यक्षाकडं दिली. सात वर्षांत एकाच देशाच्या दोन राज्यघटना आणि दोन अर्थनीती, दोन्ही भरघोस बहुमतानं.

उद्यमनगर दादांचा व्यापारी म्हणतो धोरण हलणार नाही. इतिहास मात्र सांगतो की तिथं धोरण सगळ्यात जोरात हललंय ते अशाच निकालांनंतर. बहुमतानं धोरण बदलायची ताकद येते. ते स्थिर ठेवायचं की बदलायचं, हे त्या ताकदीत लिहिलेलं नसतं.

जयवर्धने यांची आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना सांगताना मी नेहमी थांबायचे. १९८२ च्या डिसेंबरात त्यांनी निवडणूक न घेता सार्वमत घेतलं आणि त्याच संसदेची मुदत सहा वर्षांनी वाढवली. १९७७ ची संसद १९८८ संपेपर्यंत बसली. आपल्याकडंही १९७१ ची लोकसभा आणीबाणीत मुदत वाढवून घेऊन १९७७ च्या जानेवारीपर्यंत राहिली होती.

---

सागरमाळ | बुधवार, सकाळी ८:४०

बाई, १९७१ चं अजून सांगाल का? मी विद्यापीठात एमए करतोय. "गरिबी हटाओ" आणि ३५२ जागा एवढंच पुस्तकात येतं. त्या बहुमतामुळं नेमकं काय शक्य झालं जे आधी अडलं होतं?

---

मंगळवार पेठ बाई | बुधवार, दुपारी १२:३०

कोल्हापूरकराला याचं उदाहरण लांब शोधायला नको. आपलं संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं. विलीन झालेल्या संस्थानिकांना तनखे देऊ असा शब्द राज्यघटनेत लिहिलेला होता. इंदिरा गांधींना ते बंद करायचे होते. १९७० च्या सप्टेंबरात घटनादुरुस्ती लोकसभेत मंजूर झाली आणि राज्यसभेत एका मताच्याही अंशानं पडली. मग राष्ट्रपतींच्या आदेशानं संस्थानिकांची मान्यताच काढली, तर डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. त्याच महिन्यात लोकसभा बरखास्त झाली. मार्च १९७१ ला ५१८ पैकी ३५२ जागा आल्या आणि डिसेंबर १९७१ ला २६ वी घटनादुरुस्ती होऊन तनखे संपले. एका वर्षात चित्र पालटलं.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. आमच्या आजोबांनी दरबारात कारकुनी केली होती. त्या रात्री ते जेवले नाहीत. माझे वडील, जे समाजवादी विचारांचे, त्यांना मात्र आनंद झाला होता. एकाच घरात दोन्ही बघितलं.

पण पुढचं महत्त्वाचं. त्याच बहुमतानं संसदेला घटनेत हवा तो बदल करता येईल अशी २४ वी दुरुस्ती केली. केशवानंद भारती खटल्यात तिला आव्हान मिळालं, १३ न्यायमूर्ती बसले आणि २४ एप्रिल १९७३ ला ७ विरुद्ध ६ असा निकाल लागला: दुरुस्ती करा, पण घटनेच्या मूलभूत चौकटीला हात लावता येणार नाही. ३५२ जागांच्या पुढं एका न्यायमूर्तीच्या फरकाची भिंत उभी राहिली आणि ती आजही आहे. श्रीलंकेत २०२० ला अशी भिंत नव्हती. १५६ मतांनी २० वी घटनादुरुस्ती झाली आणि २०१५ मध्ये मेहनतीनं घातलेले लगाम पाच वर्षांत निघाले. नेमणुका पुन्हा राष्ट्राध्यक्षांच्या हातात गेल्या.

---

खासबाग | बुधवार, दुपारी १:१०

बाई, आदर ठेवून म्हणतो, तुम्ही फक्त वाईट बाजू मांडताय. ब्रिटनमध्ये १९४५ ला मजूर पक्षाला ३९३ जागा मिळाल्या नसत्या तर आपलं स्वातंत्र्य १९४७ ला आलं असतं का? चर्चिल तयार नव्हते. ॲटली आले म्हणून गोष्टी हलल्या. त्यांची सरकारी आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ ला सुरू झाली, ती आजही चालू आहे. युद्धानं देश कंगाल झालेला असताना हे केलं. काठावरचं सरकार असतं तर धाडस झालं असतं?

---

मंगळवार पेठ बाई | बुधवार, दुपारी १:३५

हे उदाहरण योग्य आहे, मान्य करते. त्यात एक गोष्ट जोडते: आरोग्यसेवेची कल्पना निवडणुकीच्या आधी तीन वर्षं देशभर चर्चेत होती, बेव्हरिज अहवाल १९४२ चा. लोकांनी काय मागितलं आणि सरकारनं काय दिलं, यात अंतर नव्हतं.

---

ताळेबंद | बुधवार, रात्री ८:००

मी सनदी लेखापाल, राजारामपुरीत बसतो, निर्यातदारांचीच कामं जास्त. दादा, तुमचा प्रश्न उधारीचा आहे, तर त्या देशाच्या वहीकडं बघू.

२०१९ च्या निकालानंतर पंधरवड्यात कर कापले. त्यांचा मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला. हे वचन जाहीरनाम्यात होतं, म्हणजे गुऱ्हाळवाल्या दादांनी सांगितलेल्या खताच्या उलट. वचन पाळलं आणि तरी नुकसान झालं. सरकारचा महसूल देशाच्या उत्पन्नाच्या ९ टक्क्यांच्या आसपास घसरला. एवढ्यात कोणतंही सरकार चालत नाही. मग कोविड आला, पर्यटन बसलं. त्याआधी एप्रिल २०१९ च्या ईस्टरच्या बॉम्बस्फोटांनी पर्यटनाला फटका दिलेलाच होता. पतमानांकन खाली गेलं, बाहेरून नवं कर्ज मिळेना, आणि जुन्याचे हप्ते परकीय चलनाच्या गंगाजळीतून भरत राहिले. २०२२ च्या मार्चमध्ये गंगाजळी तळाला गेली तेव्हा तुमची पावती बँकेत पोचली.

आता आजची वही. मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं सुमारे ३ अब्ज डॉलरचा चार वर्षांचा कार्यक्रम मंजूर केला. तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते रनिल विक्रमसिंघे, ज्यांच्या पक्षाचा संसदेत एकच खासदार होता. म्हणजे त्या देशाचं आजचं आर्थिक धोरण बसवलं ते सगळ्यात कमी जनाधार असलेल्या माणसानं. वीजदर वाढवले, कर वाढवले, लोकांनी शिव्या दिल्या, निवडणुकीत पाडलं.

नंतर आले अनुरा कुमार दिसानायके. २०१९ ला त्यांना ३ टक्के मतं होती. सप्टेंबर २०२४ ला ४२ टक्के आणि दुसऱ्या पसंतीची मतं मोजून विजय, मग नोव्हेंबरात १५९ जागा, ६१ टक्क्यांवर मतं. त्यांच्या मूळ पक्षानं १९७१ ला आणि नंतर १९८७ ते ८९ मध्ये सशस्त्र उठाव केलेला. सगळ्यांना वाटलं नाणेनिधीला घालवून देणार. त्यांनी तो कार्यक्रम चालू ठेवला. रोखेधारकांशी मागच्या सरकारनं मतदानाच्या दोन दिवस आधी जो करार केला होता, तोसुद्धा डिसेंबर २०२४ मध्ये पूर्ण केला. प्राप्तिकराची सूट महिना १ लाखावरून १.५ लाख रुपये केली, ती नाणेनिधीशी बोलून. फेब्रुवारी २०२५ ला खासगी गाड्यांची आयात उघडली, याचा अर्थ डॉलर थोडे जमलेत.

म्हणून माझं मत असं आहे की २०२० चं बहुमत मोकळं होतं, २०२४ चं बहुमत बांधलेलं आहे. जागा आता जास्त, हात मात्र बांधलेले. उधारी देणाऱ्याच्या दृष्टीनं दुसरं बरं.

---

सागरमाळ | बुधवार, रात्री ९:१५

ताळेबंद सर, पण हे लोकशाहीला बरं आहे का? लोकांनी बदलासाठी ६१ टक्के मतं दिली आणि धोरण जुनंच, बाहेरच्या संस्थेनं आखलेलं. मग मत कशाला दिलं? मला हे मनापासून खटकतंय.

---

ताळेबंद | बुधवार, रात्री ९:४०

खटकायलाच हवं. त्याचं बरं उत्तर माझ्याकडं नाही. ज्यानं कर्ज काढलं तो घरी गेला आणि फेडायचं दुसऱ्याच्या निवडणुकीत आलं.

---

रंकाळा संध्याकाळ | बुधवार, रात्री १०:५०

माझे मिस्टर २०२१ ते २०२३ कोलंबोत होते, एका हॉटेलच्या बांधकामावर. त्यांच्याकडून ऐकलेलं लिहिते.

पेट्रोलच्या रांगेत दोन दोन दिवस माणसं. गॅस नाही म्हणून मोठमोठ्या इमारतींत लाकडं जाळून स्वयंपाक. कागद नाही म्हणून शाळांच्या परीक्षा पुढं ढकलल्या. त्यांच्या बरोबर काम करणारा एक सिंहली फोरमन होता, त्यानं २०१९ ला आणि २०२० ला दोन्ही वेळा जिंकणाऱ्यांनाच मत दिलेलं. ९ जुलै २०२२ ला राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात लोक शिरले, त्या गर्दीत तो होता. मिस्टरांनी विचारलं, तूच निवडून दिलंस ना? तो म्हणाला, "मी घर चालवायला दिलं होतं, पाडायला नाही."

तिथून आल्यावर मिस्टर निकालाच्या दिवशी गुलालात जात नाहीत. मत द्यायला मात्र पहिल्या तासात जातात.

---

सागरमाळ | गुरुवार, सकाळी ९:००

ताई, तुमची पोस्ट वाचून रात्री बराच वेळ जागा होतो.

एक प्रश्न डोक्यात आहे. श्रीलंकेत एप्रिल २०२२ मध्ये सत्ताधारी आघाडीतले चाळीसेक खासदार वेगळे बसले. ब्रिटनमध्ये २०२४ ला मजूर पक्ष ४११ जागा घेऊन आला, मतं ३४ टक्क्यांच्या आतच, आणि वर्षभरात अपंगांच्या भत्त्यात कपात करणारं विधेयक आणलं तर त्यांच्याच शंभरहून जास्त खासदारांनी विरोध केला. सरकारला १ जुलै २०२५ ला विधेयकातला तो भाग ऐन चर्चेत काढावा लागला. आपल्याकडं असं होऊ शकेल का?

---

मंगळवार पेठ बाई | गुरुवार, सकाळी १०:४५

जवळजवळ नाही. आणि यामागं पुन्हा एक निर्णायक निकालच आहे. डिसेंबर १९८४ ला राजीव गांधींना ४०४ जागा मिळाल्या आणि काही आठवड्यांत ५२ वी घटनादुरुस्ती आली, पक्षांतरबंदीची. हेतू चांगला होता, आयाराम-गयाराम थांबवायचे. पण पक्षादेश मोडून मत दिलं तर खासदारकी जाते. त्यामुळं आपल्याकडं मोठं बहुमत मिळालं की आतून प्रश्न विचारणारा उरत नाही. खासदार आपल्या मतदारसंघाचं दुःख बैठकीत सांगेल, मत मात्र आदेशाप्रमाणे देईल.

मग उरतात संसदेच्या समित्या. तिथं पक्षादेश नसतो, जाणकारांना बोलावतात, ओळ न् ओळ वाचतात. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समितीकडं गेली होती. सतराव्या लोकसभेत १६ टक्के. माझ्या दृष्टीनं निकालातल्या जागांइतकाच हा आकडा महत्त्वाचा आहे. धोरण टिकणार का, हे मी त्यावरून बघते.

---

गुऱ्हाळ करवीर | गुरुवार, दुपारी २:२०

बाईंचं पटलं. २०२० चे तीन शेती कायदे बघा. जूनमध्ये वटहुकूम, सप्टेंबरात मंजूर, समितीकडं गेलेच नाहीत. राज्यसभेत आवाजी मतदान. कायद्यात काय बरं काय वाईट यावर आमच्या तालमीच्या कट्ट्यावर दोन गट होते, मी स्वतः अर्ध्या बाजूनं होतो, बाजार समितीबाहेर विकायला मिळालं तर गुळाला चार पैसे येतील असं वाटायचं. पण कुणी विचारलंच नाही. मग वर्षभर दिल्लीच्या वेशीवर माणसं थंडीत बसली आणि नोव्हेंबर २०२१ ला तिन्ही कायदे मागं घेतले. ३०३ जागा होत्या. चांगलं जे होतं तेही त्यात गेलं.

आणि ऊस-साखरेचं बघा. सरकार कुठलंही असो, मोठं असो की आघाडीचं, साखरेच्या निर्यातीचं दार कधी उघडं कधी बंद. डिसेंबर २०२३ ला उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एका आदेशानं बंदी आली, गळीत हंगाम ऐन भरात असताना. कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभारलेल्या. नंतर ढील दिली, तरी तो हंगाम बिघडला. हे काही कायद्यानं झालं नाही, संसदेत आलंच नाही. एका कागदावर झालं. म्हणून मला वाटतं, बहुमतानं मोठी धोरणं ठरत असतील, पण आमचं घर चालतं ते आदेशांवर, आणि त्यांना बहुमत लागत नाही.

---

खासबाग | गुरुवार, सायंकाळी ६:३०

इथेनॉलचं खरं आहे. माझ्या भावाचा ट्रॅक्टर त्या हंगामात उभा होता.

१९९१ बद्दल मी रात्री वाचत बसलो. मला कायम वाटायचं की एवढ्या मोठ्या सुधारणा मजबूत सरकारनंच केल्या असतील. नरसिंह राव यांच्याकडं बहुमत नव्हतं. जुलैत रुपयाचं अवमूल्यन, २४ जुलैला अर्थसंकल्प, त्याच दिवशी औद्योगिक धोरण. पंचायत राजची ७३ वी घटनादुरुस्तीही त्यांच्याच काळात झाली, जी राजीव गांधींना ४०० च्या वर खासदार असताना १९८९ ला राज्यसभेत मंजूर करून घेता आली नव्हती. माहितीचा अधिकार आणि रोजगार हमी, दोन्ही २००५, आघाडी सरकार.

माझं मत पूर्ण बदललं असं नाही. सरकार टिकायला हवं, यावर मी ठाम आहे. पण टिकणं आणि एकट्यानं ठरवणं या दोन गोष्टी मी एकच समजत होतो.

---

ताळेबंद | गुरुवार, रात्री ८:१५

दादा, आता कामाचं. चार गोष्टी विचारून घ्या त्या व्यापाऱ्याला. एलसी (म्हणजे पैसे देऊ असं त्याच्या बँकेचं हमीपत्र) कोणत्या बँकेची आणि तिला आपल्याकडच्या बँकेची हमी जोडून मिळेल का. डॉलर भरायला सध्या किती दिवस लागतात, मागच्या तीन महिन्यांचे व्यवहार दाखव म्हणावं. पंप सरकारी मदत योजनेतून जाणार की शेतकरी रोखीनं घेणार, कारण सरकारी असेल तर त्यांच्या अर्थसंकल्पात तरतूद बघावी लागेल. आणि निर्यात पतविमा काढा. मागच्या वेळी काढला नव्हता, बरोबर?

आणि एक. नाणेनिधीचा कार्यक्रम २०२७ मध्ये संपतो. तोवर त्यांच्या वहीवर बाहेरचा डोळा आहे. त्यानंतर १५९ जागांचं सरकार काय करतं ते खरं बघायचं. तुमचे १२० दिवस त्याच्या बरेच आधी संपतात.

---

मंगळवार पेठ बाई | गुरुवार, रात्री ९:००

मी माझ्या बाजूनं एक सांगते. या सरकारनं सप्टेंबर २०२५ मध्ये माजी राष्ट्राध्यक्षांचे सरकारी बंगले आणि सवलती काढून घेणारा कायदा १५१ विरुद्ध १ मतांनी केला. तनख्यांची आठवण झाली. हे प्रचारात उघड सांगितलं होतं आणि तेच केलं, ही चांगली खूण आहे. पण राष्ट्राध्यक्षपदाचे अमर्याद अधिकार कमी करणारी नवी राज्यघटना आणू, असंही वचन आहे. जे. आर. जयवर्धने यांनी बांधलेली ती खुर्ची जवळजवळ प्रत्येकानं निवडणुकीआधी मोडू म्हटलं आणि निवडून आल्यावर तिच्यावर बसले. मोडायला लागणारे दोन तृतीयांश आज त्यांच्याकडं आहेत. हे वचन ते कधी हातात घेतात, याकडं मी लक्ष ठेवून आहे.

---

उद्यमनगर लेथ | शनिवार, रात्री १०:२०

सगळ्यांचे आभार. दोन दिवस वाचत होतो, कारागिरांनाही वाचून दाखवलं.

काल व्यापाऱ्याशी तासभर बोललो. ताळेबंद सरांचे चारही प्रश्न विचारले. पंप शेतकरीच घेणार आहेत, सरकारी योजना नाही. डॉलर भरायला आता आठवडाभर लागतो, त्यानं तीन व्यवहारांचे कागद पाठवले. मी त्याला गुऱ्हाळवाल्या दादांचं खताचं बोलणंही सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, त्या वर्षी त्याच्या सासऱ्यांनी भात लावलंच नाही, रान मोकळं ठेवलं. आणि या वेळी त्याच रानात पाणी होतं.

२०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागं टाकली होती. शिरोलीजवळ महामार्ग बंद, फौंड्रीत कामगार पोचेनात. पाणी ओसरल्यावर विहिरी उपसायला पंप लागतो, तेव्हा लागतो, चार महिन्यांनी नाही. हे मला कुणी सांगायला नको.

ठरलं ते असं: पहिले १०० पंप, ४० टक्के आधी, बाकीची एलसी, ती आपल्याकडच्या बँकेच्या हमीसह, ६० दिवसांची. विमा काढतोय. पैसे आले की पुढचे १५०. मग उरलेले. त्यानं कुरकुर न करता मान्य केलं.

घरी बसवलेल्या मिस्त्रींना आज बोलावलं. पॅटर्न माळ्यावरून त्यांनीच खाली काढला. एका बाजूला लाकूड फुगलंय, सोमवारी दुरुस्त करून शिरोलीला धाडायचाय.